नवीन घड्याळ, नवीन कॉम्प्युटर येणार म्हणतात : ऐकायचं किती, थांबायचं किती?



आजच्या अभ्यास-पाठाचा विषय जरा वेगळा आहे. जाळं, बर्फ, अनुदान यांवर आपण नेहमी लिहितो. पण हुबळी-धारवाडकडच्या सभासदांकडून गेल्या काही महिन्यांत सारखे तेच प्रश्न येताहेत. "पोरगी धारवाडला कॉलेजात आहे, लॅपटॉप आता घ्यायचा का नवीन येईपर्यंत थांबायचं?" "संस्थेचा कॉम्प्युटर सारखा म्हणतो सपोर्ट संपला, टाकून द्यायचा का?" "पुढच्या घड्याळात सुई न टोचता साखर कळणार म्हणे, खरं का?"

या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. अजून न आलेल्या वस्तूबद्दलची बातमी. ती वाचायची कशी, हे आज शिकू. पैसा आपला आहे, आणि काही ठिकाणी जीवही आपलाच आहे. म्हणून पाठ थोडा लांब झालाय. चहा घेऊन निवांत वाचा.

१. होडी लागायच्या आधीचा भाव

आपल्या धंद्यात बातमीच्या पायऱ्या आपल्याला पाठ आहेत. कारवार-अंकोल्याकडून यल्लापूर, कलघटगीमार्गे गाडी हुबळीत यायच्या आधीच बाजारात कुजबुज सुरू होते : "आज बांगडा भरपूर आहे." आपण लगेच भाव पाडतो का? नाही. आधी बघतो, सांगणारा कोण. बोटीवरच्या तांडेलाचा फोन असेल तर एक वजन. गाडी निघाली असं बंदरावरच्या माणसानं सांगितलं तर जास्त वजन. आणि मासळी काट्यावर चढली की मगच पक्कं.

घड्याळ-कॉम्प्युटरच्या बातम्यांनाही हाच काटा लावा. पायऱ्या चार.

पहिली, काट्यावरची मासळी : वस्तू दुकानात आली, किंमत लागली, अपडेट आपल्या मशिनवर आलं.

दुसरी, गाडी निघाली : कंपनीनं स्वतः तारखेसह जाहीर केलं, किंवा सरकारी नोंदणीत नाव आलं. आपल्याकडे लॅपटॉप आणि स्मार्टवॉच विकायच्या आधी भारतीय मानक ब्युरोकडे, म्हणजे बीआयएसकडे, नोंदणी लागते. त्या यादीत नवीन मॉडेलचा नंबर दिसला की वस्तू जवळ आली असं धरायला जागा असते.

तिसरी, तांडेलाचा फोन : ज्याचे आधीचे अंदाज बरेचसे खरे ठरलेत असा पत्रकार किंवा विश्लेषक. ॲपलबाबत ब्लूमबर्गचे मार्क गुर्मन किंवा विश्लेषक मिंग-ची कुओ यांची नावं तुम्ही ऐकली असतील. यांना कारखान्यातली, पुरवठादारांकडची माहिती मिळते. पण तेही चुकतात. कारण कारखान्यात नमुना तयार झाला म्हणजे तो विकायला येईलच असं नाही.

चौथी, बाजारातली कुजबुज : मोठ्या लाल अक्षरांचा व्हिडिओ, "सूत्रांच्या माहितीनुसार", कुणीतरी कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र, किंवा "कंपनीनं पेटंट घेतलं" ही बातमी. पेटंट म्हणजे कल्पनेवरचा हक्क. कंपन्या दरवर्षी ढिगानं पेटंट घेतात, त्यातल्या बऱ्याच कल्पना वस्तू होतच नाहीत.

आता कळीचा मुद्दा. बातमी ऐकली की पहिल्यांदा विचारा, ही कुठल्या पायरीवरची? तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या बातमीवर पैसे अडवून ठेवू नका आणि खर्चही करू नका.

२. इतिहास काय सांगतो

"हे सगळं बोलायला ठीक, पण खरंच इतकं चुकतं का?" असं वाटेल. चार उदाहरणं घ्या.

एक. विंडोज १० हे २९ जुलै २०१५ ला आलं. त्या वर्षी मे महिन्यात मायक्रोसॉफ्टच्याच एका कर्मचाऱ्यानं परिषदेत सांगितलं की हे शेवटचं विंडोज, यापुढे फक्त अपडेट येत राहतील. जगभर तशा बातम्या झाल्या. पुढे ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आलं.

दोन. मग "विंडोज १२" ची हवा सुरू झाली. २०२४ मध्ये येणार म्हणून कितीतरी लेख आले. २०२४ च्या ऑक्टोबरात आलं ते विंडोज ११ चंच पुढचं मोठं अपडेट. २०२५ च्या सप्टेंबरअखेरही तसंच झालं. विंडोज १२ साठी ज्यांनी खरेदी थांबवली, त्यांची दोन वर्षं जुन्या मशिनवर कुथत गेली.

तीन. कंपनीचा शब्दही कधी कधी फिरतो. ॲपलनं सप्टेंबर २०१७ मध्ये एअरपॉवर नावाची चार्जिंगची चटई जाहीर केली. फोन, घड्याळ, इअरफोन तिन्ही एकाच वेळी चार्ज होणार होते. मार्च २०१९ मध्ये कंपनीनं सांगितलं, जमलं नाही, रद्द. तसंच जून २०२४ मध्ये दाखवलेली हुशार सिरी मार्च २०२५ मध्ये पुढे ढकलली. त्या आशेवर नवा फोन घेतलेले वाट बघत बसले.

चार. हे उदाहरण उलट्या बाजूचं, आणि आपल्यासारख्या स्वस्त बघून घेणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. ॲपल वॉच सिरीज ३ हे २०१७ चं घड्याळ. स्वस्त म्हणून पाच वर्षं विकलं गेलं. जून २०२२ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की पुढचं अपडेट या घड्याळाला मिळणार नाही. तरी सप्टेंबरपर्यंत ते विक्रीला होतंच! त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात ज्यानं घेतलं, त्याच्या हातात पेटीतून काढताक्षणीच जुनं झालेलं घड्याळ आलं.

यातून धडा असा : "नवीन काय येणार" यापेक्षा "माझ्या हातातल्याला किती दिवस आधार मिळणार" हा प्रश्न जास्त किमतीचा. आणि गंमत म्हणजे याचं उत्तर बहुतेक वेळा अंदाज नसतं, कंपनीनं छापून दिलेलं असतं.

३. संस्थेचा कॉम्प्युटर : इथे थांबायला जागा नाही

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ही पहिल्या पायरीची, काट्यावरची बातमी आहे. मशिन बंद पडत नाही, चालू राहतं. पण नवीन भोक सापडलं की ते बुजवायला कुणी येत नाही. होडीच्या तळाला चीर पडली आणि डांबर भरणारा माणूसच गावात नाही, तशी गत.

घरच्या कॉम्प्युटरसाठी मायक्रोसॉफ्टनं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची मुदतवाढ जाहीर केली. मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप ठेवला तर ती पैसे न देता घेता येते. नाहीतर ३० डॉलर. संस्था आणि कंपन्यांसाठी योजना वेगळी आहे : पहिल्या वर्षी एका मशिनमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणजे संस्थेनं "बघू पुढच्या वर्षी" म्हणत ढकललं की ओझं वाढत जातं. तीन वर्षांचा हिशोब करा : ६१, १२२, २४४. एकूण ४२७ डॉलर. त्यात साधा नवा कॉम्प्युटर येतो.

जुनं मशिन विंडोज ११ वर जाईल का? त्याला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडलं की प्रोसेसरचं नाव दिसतं. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं मोफत ॲप थेट हो-नाही सांगतं. "हो" आलं तर पैसे न देता विंडोज ११ घ्या. मशिन फक्त हळू असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, फरक लगेच कळतो. "नाही" आलं, तर सभासदांचे हिशोब त्या मशिनवर ठेवून इंटरनेटला जोडू नका.

हे आम्ही इतकं जोर देऊन का सांगतो? मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद केले आणि खंडणी मागितली. त्याला अडवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी घातलं नव्हतं ते सापडले. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे जुलै २०२४ अखेर सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या एका कंपनीवर असाच खंडणीचा हल्ला झाला. खबरदारी म्हणून एनपीसीआयनं तिला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं तोडलं. जवळपास ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय, एटीएमचे व्यवहार अडकले. सहकारी संस्थेचा पैसा छोटा असतो म्हणून चोर येत नाही, हा समज सोडा.

आता दुसरी बाजू. अपडेट आलं की त्याच क्षणी घालायचं का? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज मशिन बंद पडली. आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. म्हणून नियम असा :

— सुरक्षेचं मासिक अपडेट (मायक्रोसॉफ्टचं दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं) दोन-चार दिवसांत घाला, आठवड्यापलीकडे नको.

— वर्षातून एकदा येणारं मोठं अपडेट महिनाभर थांबून घाला. लेखापरीक्षणाच्या किंवा लाभांशाच्या आठवड्यात तर नकोच.

— दोन्हीच्या आधी हिशोबाची प्रत वेगळ्या डिस्कवर काढा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेलीच ठेवली तर व्हायरस तीही खातो.

आणि एक. अपडेट फक्त सेटिंग्जमधून. "तुमचं विंडोज जुनं झालंय, या नंबरवर फोन करा" असं पडद्यावर आलं किंवा व्हॉट्सॲपवर एपीके फाइल आली तर हात लावू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे रोखण्याची शक्यता जास्त.

४. मुलांचा लॅपटॉप

धारवाड म्हणजे विद्येचं गाव. कर्नाटक विद्यापीठ आहे, आयआयटी आहे, आयआयआयटी आहे. हुबळीत इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, इन्फोसिसचा परिसर आहे, देशपांडे स्टार्टअप्स आहे. आपली पोरं तिथवर पोचताहेत याचा आम्हाला आनंदच आहे. पण लॅपटॉपच्या कर्जाचा अर्ज येतो तेव्हा सोबत "एआय पीसी" हा शब्द हमखास येतो.

हे काय ते समजून घ्या. मायक्रोसॉफ्टनं जून २०२४ पासून कोपायलट प्लस नावाचे लॅपटॉप आणले. त्यात एनपीयू नावाचा वेगळा भाग असतो, सेकंदाला किमान ४० लाख कोटी गणितं करू शकेल असा. शिवाय किमान १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी जागा. ऐकायला भारी आहे. पण बी.कॉम.च्या विद्यार्थ्याचं टॅली, बी.ए.चं टायपिंग, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं प्रोग्रॅमिंग यातल्या कशालाच एनपीयू लागत नाही. लागते ती रॅम, आणि बरी बॅटरी. तेव्हा दुकानदाराला "एआय आहे का" विचारण्याऐवजी "रॅम किती, नंतर वाढवता येते का, सर्व्हिस हुबळीतच मिळते का" हे विचारा.

"थांबलो तर स्वस्त होईल" हा नियमही आता आंधळेपणानं धरू नका. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या मोठमोठ्या केंद्रांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव वर गेले. बर्फ कारखान्यातला सगळा बर्फ मोठ्या ट्रॉलरनं नेला की छोट्या होडीला महाग मिळतो, तसंच. कॉलेज सुरू झालंय आणि लॅपटॉपवाचून अभ्यास अडलाय, तर अफवेसाठी थांबू नका.

जुना घेणाऱ्यांसाठी दोन खबरदाऱ्या. कोप्पीकर रोडला असो वा ऑनलाइन, स्वस्तात मिळणारा विंडोज १० चा लॅपटॉप विंडोज ११ ला चालतो का हे दुकानातच तपासा. आणि इंटेल चिपचा जुना मॅकबुक दिसला तर लक्षात ठेवा : ॲपलनं जून २०२५ मध्येच सांगितलंय की टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची मोठी आवृत्ती. घ्यायचाच तर एम१ किंवा त्यापुढचा बघा.

५. घड्याळ : इथे अफवा जिवावर बेतू शकते

सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

साखर. सुई न टोचता रक्तातली साखर सांगणारं घड्याळ येणार, ही बातमी कितीतरी वर्षांपासून फिरतेय. मोठ्या कंपन्या त्यावर काम करताहेत हे खरं. पण २१ फेब्रुवारी २०२४ ला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, स्पष्ट इशारा दिला : त्वचेला न टोचता साखर मोजतो म्हणणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही. तरी दीड-दोन हजारांच्या घड्याळावर साखरेचा आकडा दिसतोच. तो आकडा बघून कुणी इन्सुलिन कमी-जास्त केलं तर काय होईल, सांगायला नको. आपल्यात मधुमेही सभासद बरेच आहेत. तपासणी बोटातल्या रक्ताचीच, नाहीतर डॉक्टरांनी दंडावर लावायला दिलेल्या सेन्सरची.

रक्तदाब. सॅमसंगच्या घड्याळात ही सोय आहे. पण तिलाही दर २८ दिवसांनी दंडावरच्या पट्ट्याच्या मशिननं जुळवून घ्यावं लागतं. म्हणजे खरं मशिन लागतंच. मग आधी तेच घ्या.

सॅटेलाइट. २०२५ मध्ये आलेल्या ॲपल वॉच अल्ट्रा ३ मध्ये नेटवर्क नसताना उपग्रहावरून मदत मागायची सोय आली. लगेच कारवारकडच्या नातेवाइकांचे मेसेज फिरले : "आता समुद्रात भीती नाही." थांबा. ही सोय कंपनीनं मोजक्याच देशांत दिली, त्यात भारत नव्हता. आपल्याकडे परवानगीशिवाय उपग्रहावरून बोलणारी उपकरणं बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाहून आलेल्या एका पर्यटक बाईला असं उपकरण सोबत असल्यामुळे पोलिसांनी अडवलं होतं. तेव्हा परदेशातल्या पाहुण्यानं असं काही आणलं तरी होडीवर नेऊ नका.

समुद्रावर आपला आधार वेगळा आहे. इस्रोनं विकसित केलेला ट्रान्सपॉन्डर दोन्ही बाजूंनी संदेश देतो-घेतो. १ लाख बोटींवर तो बसवायच्या सुमारे ३६० कोटींच्या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला झाली. तो बसवून घ्या, चालू ठेवा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ घरच्यांच्या फोनमध्येही साठवून ठेवा.

पाणी. "५ एटीएम, ५० मीटर" वाचून घड्याळ घालून बुडी मारू नका. तो आकडा चाचणीतल्या स्थिर दाबाचा आहे, तेवढ्या खोल जाण्याची हमी नव्हे. आतली रबरी कड काळानुसार झिजते. साबण आणि खारं पाणी ती लवकर खराब करतात. उणकलच्या तळ्यात उतरणाऱ्यापेक्षा खाडीत उतरणाऱ्याच्या घड्याळाचं आयुष्य कमी, हे धरून चाला. काम झालं की गोड्या पाण्यानं धुवा, पुसा. आणि वॉरंटीच्या कागदावर "पाण्यामुळे झालेलं नुकसान" कुठे लिहिलंय ते घेतानाच वाचा.

जोडी. ॲपलचं घड्याळ फक्त आयफोनला जुळतं. सॅमसंगची अलीकडची घड्याळं फक्त अँड्रॉइडला. घड्याळ स्वस्त मिळालं म्हणून घेतलं आणि फोनच बदलावा लागला, असा धंदा करू नका.

६. अफवांचं पंचांग

अफवांनाही हंगाम असतो. तो कळला की घाई होत नाही.

जानेवारीत अमेरिकेत लास वेगासला सीईएस प्रदर्शन भरतं. तिथे दाखवलेलं सगळंच आपल्या बाजारात येत नाही. जूनमध्ये ॲपल घड्याळ, फोन, मॅकची नवीन प्रणाली दाखवतं. तेव्हा आपल्याकडे १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी असते, हातात पैसा कमी आणि वेळ जास्त. मोबाइलवर व्हिडिओ बघून मन तेव्हाच चळतं! सप्टेंबरात, साधारण गणपतीच्या आगेमागे, ॲपलची नवीन घड्याळं येतात. मग दसरा-दिवाळीचे सेल, त्यात मागच्या वर्षीचं मॉडेल उतरतं.

म्हणून हौसेची खरेदी असेल तर जून-जुलैत नको, दिवाळीपर्यंत थांबा. गरजेची असेल तर कुठल्याही महिन्यात करा.

७. स्वाध्याय

घरी बसून चर्चा करा, मग खालची उत्तरं वाचा.

प्रश्न १ : संस्थेचं मशिन विंडोज ११ ला चालत नाही. चिरंजीव म्हणतात, विंडोज १२ येईल मग एकदमच बदलू.
उत्तर : थांबू नये. आधार संपल्याची तारीख पक्की आहे, विंडोज १२ ही कुजबुज आहे. पक्क्या तोट्याला कच्च्या फायद्यानं भागवता येत नाही.

प्रश्न २ : घड्याळ चांगलं चालतंय, पण पुढच्या मॉडेलची बॅटरी दुप्पट होणार असा व्हिडिओ आलाय. आत्ताच जुनं विकून टाकू का?
उत्तर : काम अडलेलं नाही, बातमी चौथ्या पायरीची. काही करायचं नाही.

प्रश्न ३ : वडिलांना साखर आहे. मुलानं कौतुकानं साखर दाखवणारं घड्याळ आणलं.
उत्तर : वेळ आणि पावलं बघायला खुशाल वापरा. साखरेचा आकडा बंद करा. वडिलांना तो खरा वाटणार नाही याची काळजी घ्या.

प्रश्न ४ : लेकीचं कॉलेज ऑगस्टमध्ये सुरू झालं, दुकानदार म्हणतो दिवाळीत ऑफर येईल.
उत्तर : तीन महिने अभ्यास अडणार असेल तर ऑफरमध्ये वाचणारे पैसे त्याहून महाग पडतात. घ्या.

शेवटी तीन वाक्यं लिहून भिंतीवर लावा. बातमी कुठल्या पायरीची? माझं काम अडलंय का? हातातल्याचा आधार कधी संपतो? या तिघांची उत्तरं मिळाली की बाकीचं दुकानदाराशी घासाघीस करण्यापुरतं उरतं, आणि ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

तुमच्या मशिनचं किंवा घड्याळाचं नाव कमेंटमध्ये लिहा. विंडोज ११ ला चालतं का, अपडेट मिळतात का, ते बघून आम्ही कळवू. फक्त पासवर्ड, ओटीपी, खाते क्रमांक कमेंटमध्ये टाकू नका. पाठ उपयोगी वाटला तर गणेशपेठेतल्या आपल्या मासळीवाल्या ताई-मावशींपर्यंत नक्की पोचवा. त्यांची नातवंडं मोबाइलवर हेच व्हिडिओ बघताहेत.